ही चाल आधी कुठंतरी ऐकलीय

'फायनल फँटसी ७' हा गेम १९९७ साली आला. त्यातला एक प्रसंग तो खेळलेली माणसं अजून विसरलेली नाहीत. एरिथ नावाची मुलगी डोळे मिटून प्रार्थना करत बसलेली असते. वरून खलनायक सेफिरॉथ तलवार घेऊन उतरतो आणि ती मरते. तिच्या केसांत अडकवलेला एक पांढरा गोळा निसटतो, पायऱ्यांवर टण टण उड्या मारत खाली जातो आणि पाण्यात पडतो. त्या उड्यांच्या जोडीनेच एक संथ चाल सुरू होते. दुःख करायला वेळ मिळत नाही, कारण लगेच लढाई येते. या गेममध्ये लढाई म्हटली की धडाक्याचं संगीत वाजणार हे एव्हाना कानाला पाठ झालेलं असतं. इथे ते वाजतच नाही. तीच हळवी चाल पुढे चालू राहते. तुम्ही बटणं दाबता, वार करता, मार खाता आणि मागे ते सूर थांबायचं नाव घेत नाहीत.

ती एरिथची चाल. संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी ती खूप आधीपासून तुमच्या कानावर घालून ठेवलेली असते. एरिथ चर्चमध्ये फुलांची निगा राखत असते तेव्हा हिचंच एक हलकंफुलकं रूप वाजतं. तेव्हा ते ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. छान वाटतं, एवढंच. पाणी नंतर येतं, आणि ते त्या सुरांमुळे जितकं येतं तितकंच त्या फुलांमुळे येतं.

व्हिडिओ गेम आणि संगीतिका या दोन्हींत पुन्हा पुन्हा येणाऱ्या चालींचं सगळं गणित इथे आहे. चालीला स्वतःचा अर्थ फार थोडा असतो. ती पहिल्यांदा कुठे ऐकली, कुणाच्या सोबत ऐकली, तिथला अर्थ तिला चिकटतो. संगीतकार तो अर्थ जमा करत जातो आणि वेळ आली की एकदम काढतो.

या तंत्राला लाइटमोटिफ म्हणतात. जर्मन शब्द आहे. एखाद्या पात्राशी, वस्तूशी किंवा कल्पनेशी जोडलेली छोटी सुरावट, असा त्याचा साधा अर्थ. हे नाव निघालं की जर्मन संगीतकार वाग्नरचं नाव निघतंच, कारण १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटला सलग सादर झालेल्या त्याच्या चार ऑपेरांच्या मालिकेत अशा सुरावटींचं जाळंच विणलेलं आहे. गंमत अशी की हा शब्द वाग्नरचा नाही. हान्स फॉन वोल्झोगेन नावाच्या त्याच्या एका चाहत्याने त्या ऑपेरांची मार्गदर्शिका लिहिली आणि तिच्यामुळे तो रुळला. वाग्नरची खरी करामत एका उदाहरणात दिसते. मालिकेतल्या पहिल्या ऑपेराच्या शेवटी देवांचा राजा वोटान याच्या मनात काहीतरी चमकतं. काय ते तो बोलत नाही. वाद्यवृंदात मात्र एक तडफदार सुरावट उमटते. पुढच्या ऑपेरात ती तलवारीची सुरावट असल्याचं कळतं. म्हणजे पात्राच्या तोंडून जे निघालं नाही ते वाद्यांनी आधीच सांगून टाकलेलं असतं.

आता प्रश्न असा की तीच चाल बदलून वाजवली तरी आपण ती ओळखतो कशी? वाढदिवसाचं गाणं प्रत्येक जण आपल्या पट्टीत सुरू करतो, कुणी काळी एकमध्ये, कुणी पांढरी चारमध्ये, बरेचसे कुठल्याच पट्टीत नाही. तरी गाणं कुठलं हे कुणाला विचारावं लागत नाही. कान स्वर लक्षात ठेवत नाही, स्वरांमधली अंतरं लक्षात ठेवतो, आणि त्यांच्या जोडीला लय. हा सांगाडा शाबूत राहिला की बाकीचं वाटेल तसं बदलता येतं. वाद्य बदला, वेग निम्मा करा, शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार घ्या, खालची सुसंवादी स्वरांची बैठक बदला. चाल ओळखीची राहते आणि तिचा चेहरा मात्र पालटतो. संगीतकाराला नेमकं हेच हवं असतं. माणूस तोच, पण त्याच्यावर काहीतरी गुदरलंय, हे एकही शब्द न वापरता सांगायची ही रीत आहे.

१९५७ सालच्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीतिकेत लेनर्ड बर्न्सटाइनने तीन स्वरांत किती मावतं ते दाखवलं. सा, तीव्र म, प. सा आणि तीव्र मध्यम यांच्यातलं अंतर कानाला टोचतं, तिथे थांबवत नाही. पेटीवर वाजवून बघा, बोट आपोआप पुढे पंचमावर जायला बघतं. नायक 'मारिया' हे नाव गातो ते याच तीन स्वरांवर. आधी टोचणी, मग एका अर्ध्या स्वराची पायरी चढून सुटका. 'कूल' या गाण्याची सुरुवातही त्याच तीन स्वरांची आहे, पण तिथे टोळीतली पोरं आतल्या आत धुमसत असतात आणि ती टोचणी काही केल्या जात नाही. प्रेम आणि वैर एकाच सुरावटीतून काढल्यामुळे नाटकभर एक अस्वस्थता राहते. ती कुठून येते हे बहुतेकांना सांगता येणार नाही, पण जाणवते सगळ्यांना.

संगीतिकेत याचा सर्वांत उघड प्रकार म्हणजे आधीचं गाणं नव्या शब्दांनी किंवा नव्या प्रसंगात परत आणणं. त्याला रिप्राइज म्हणतात. जोनाथन लार्सनच्या 'रेंट'मध्ये प्रेमात पडलेले दोघे एक खेळकर युगुलगीत गातात. दुसऱ्या अंकात त्यांतला एक वारतो आणि मागे राहिलेला तेच गाणं त्याच्या अंत्यविधीत गातो. पण रिप्राइजपेक्षा मला जास्त भावतो तो गुपचूप प्रकार. 'ले मिझराब्ल'मध्ये चोरी करताना पकडल्या गेलेल्या ज्याँ वाल्ज्याँला बिशप दया दाखवतो आणि त्या दयेने हादरून तो एकट्याने गातो, जुनं आयुष्य टाकून नवा माणूस व्हायचं ठरवतो. कितीतरी वर्षांनी, नाटकाच्या शेवटाकडे, त्याचा जन्मभर पाठलाग करणारा पोलीस अधिकारी जावेर याला खुद्द वाल्ज्याँच जीवदान देतो. जावेरला ती दया पेलत नाही. पुलावर उभा राहून तो गातो आणि सेन नदीत उडी घेतो. दोन्ही प्रसंगांचं संगीत एकच आहे. मला हे तिसऱ्यांदा ऐकताना कळलं, आणि कळल्यावर नाटकाबद्दलचं माझं मतच बदललं. दोघांपुढे प्रश्न एकच होता, उत्तरं दोन निघाली. संगीतकार क्लोद-मिशेल शोनबर्गने हे कुणाच्याही तोंडी न घालता नुसत्या चालीतून सांगितलं.

याच नाटकात बिशप निरोप देताना जी चाल गातो तीच पुढे मारियुसच्या गाण्यात येते, सगळे मित्र मारले गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून तो गातो त्या गाण्यात. हा संबंध मात्र मला पुरता उलगडलेला नाही. दया आणि शोक यांना एकच चाल का? कदाचित दोन्ही ठिकाणी दुसऱ्याच्या उपकारावर जगणं आलं म्हणून. कदाचित चाल चांगली होती म्हणूनही. संगीतिका लिहिणाऱ्यांना दोन-अडीच तास भरायचे असतात, आणि चांगली चाल एकदाच वापरून टाकून देणं कुणाच्याही जिवावर येईल.

'हॅमिल्टन' ही संगीतिका २०१५ साली ब्रॉडवेवर आली. लिन-मॅन्युएल मिरांडाने त्यात आकड्यांचा एक धागा विणलाय, तो जरा सावकाश बघण्यासारखा आहे. नाटकात तीन द्वंद्वयुद्धं होतात. प्रत्येक वेळी एक ते दहा आकडे एका ठरावीक सुरावटीवर मोजले जातात, दहाला पिस्तूल झाडायचं. मध्येच एक घरगुती प्रसंग येतो. आई एलायझा नऊ वर्षांच्या मुलाला, फिलिपला, पियानो शिकवतेय. फ्रेंचमध्ये आकडे म्हणत दोघं सूर वाजवतात आणि नऊवर थांबतात. आकड्यांची ती सुरावट द्वंद्वातलीच आहे, फक्त पियानोवर, कोवळी. मुलगा खट्याळ आहे. सात, आठ, नऊ या शेवटच्या तीन आकड्यांवर तो दर वेळी चाल बदलतो आणि आई दर वेळी दुरुस्त करते. प्रेक्षक हसतात. पुढे फिलिप मोठा होतो, द्वंद्वाला उभा राहतो. मोजणी सुरू होते आणि समोरचा दहाची वाट न पाहता सातलाच गोळी झाडतो. मग मृत्युशय्येवर आई आणि मुलगा पुन्हा तेच फ्रेंच आकडे म्हणू लागतात. पहिल्या खेपेला तो साथ देतो. दुसऱ्या खेपेला तो मध्येच गप्प होतो. आई एकटीच सात, आठ, नऊ म्हणते, पुन्हा सात, आठ म्हणते आणि पुढचा आकडा येत नाही. यात मरणावर एकही ओळ नाही, नुसते आकडे आहेत. पण पियानोच्या शिकवणीला जो हसला नसेल त्याला इथे रडूही येणार नाही, कारण त्याने खात्यात काही भरलेलंच नाही.

या सगळ्या उदाहरणांत संगीतकाराच्या हाताशी एक मोठी सोय असते. नाटक कितव्या मिनिटाला कुठे पोहोचणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गेमच्या संगीतकाराला यातलं काही ठाऊक नसतं. खेळणारा दारासमोर चार सेकंद थांबेल किंवा चहा करायला उठून अर्ध्या तासाने परत येईल. एकच लढाई तो एका दमात जिंकेल किंवा चाळीस वेळा हरेल. म्हणून गेमचं संगीत मुळात गोल असतं, शेवट पुन्हा सुरुवातीला जोडलेलं, कितीही वेळ फिरत राहील असं.

त्यात सुरुवातीच्या काळात जागेची टंचाई. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० किलोबाइटचा आहे. आजच्या फोनवरचा एखादा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा भरतो. चित्रं, नियम, नकाशे, संगीत, सगळं त्या चाळीसात. शिवाय तो ज्या यंत्रावर चालायचा त्याची ध्वनिचिप एका वेळी तीन सूर वाजवायची, वर एक खरखर, आणि बारीकसा ध्वनिमुद्रित तुकडा वाजवायची सोय. व्हायोलिनचा ताफा नाही, गायक नाही. संगीतकार कोजी कोंडो यांना चालीचा सांगाडाच इतका ठसठशीत करावा लागला की नुसत्या पिं-पिं आवाजातही तो मनात बसावा. त्यातून जे निघालं ते २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

आणि चाल फिरवून वापरायची युक्ती त्या चाळीस किलोबाइटमध्येही आहे. घड्याळात शंभरपेक्षा कमी उरले की एक इशारा वाजतो आणि तीच चाल आणखी घाईने धावू लागते. नवी चाल एकही नाही, तरी तळहाताला घाम फुटतो. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये कोंडो आणखी पुढे गेले. मैदानातली चाल पाण्यात गेली की तीन मात्रांचा डुलता वॉल्ट्झ होते, भुयारात गेली की दबकी, घुमणारी होते. मारिओ योशी या डायनासोरच्या पाठीवर बसला की चालू गाण्यात बोंगो ढोलांचा ठेका मिसळतो, उतरला की निघून जातो. गाणं मध्ये कुठेही तुटत नाही. एकाच चालीचे थर करून ठेवायचे आणि खेळ जसा चालेल तसे ते उघडायचे किंवा झाकायचे, ही कल्पना आज मोठमोठ्या गेममध्ये सर्रास दिसते. योशीच्या पाठीवर ती इतकी सहज आहे की ती युक्ती असल्याचंही कुणाच्या लक्षात येत नाही.

याच सुमारास लुकासआर्ट्स या गेम बनवणाऱ्या कंपनीत मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूझ नावाची एक प्रणाली बनवली. १९९१ च्या 'मंकी आयलंड २'मध्ये ती पहिल्यांदा वापरली. वुडटिक नावाची समुद्री चाच्यांची एक वस्ती आहे, मोडक्या जहाजांची. तुम्ही एका दारातून आत शिरलात की तीच चाल त्या घरातल्या माणसाच्या स्वभावाची होते. बाहेर आलात की मूळ रूपात परतते. मधला सांधा इतका बेमालूम की चाल बदलायला तुम्ही कुठल्याही क्षणी दार उघडलं तरी संगीत ताल सोडत नाही. हातातलं वाक्य पुरं करतं आणि मगच वळतं. नाटकातला वाद्यवृंद नटाकडे बघून हेच करतो. इथे ते यंत्राला शिकवावं लागलं.

गेमला मात्र एक गोष्ट करता येते जी नाटकाला जमत नाही. तो चाल प्रेक्षकाच्या हातात देतो. 'झेल्डा' मालिकेतल्या १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये नायकाकडे एक मातीचा पावा असतो आणि कंट्रोलरची पाच बटणं म्हणजे त्याचे पाच स्वर. राजकन्या झेल्डाची अंगाई वाजवायची तर डावं, वर, उजवं आणि पुन्हा डावं, वर, उजवं. सरगमीत म्हणाल तर ग, प, रे. दारं उघडायला, राजघराण्याचे दूत असल्याची खूण पटवायला ती इतक्या वेळा वाजवावी लागते की बोटांना सवय होते. त्यामुळे पुढच्या कुठल्याही झेल्डाच्या गेममध्ये हे तीन स्वर ऐकले की कानाआधी अंगठा हलतो. १९९१ पासून चालत आलेल्या या चालीवर २०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये एक गंमत केली गेली. त्या गेमची मुख्य चाल म्हणजे हीच अंगाई शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवलेली आहे. कथानकाच्या कालक्रमात तो गेम सर्वांत आधीचा, म्हणून चालही मागे फिरवलेली. ऐकताना ते कळत नाही, ध्वनिफीत उलटी फिरवली की कळतं. हा निव्वळ बुद्धीचा खेळ असं मी म्हणेन. सूर उलटे झाले की लयही उलटते, आणि उलट्या लयीतली ओळख कानाला सहसा पटत नाही. पण चाल उलटीही तितकीच गोड लागते, ही काही ऐऱ्यागैऱ्याची करामत नव्हे.

एकाच माणसाने लिहिलेल्या, आखलेल्या आणि संगीत दिलेल्या 'अंडरटेल'मध्ये, २०१५ च्या, ही पद्धत जवळजवळ कथा सांगायची भाषाच झालीय. टोबी फॉक्सच्या या गेममध्ये शंभराच्या वर रचना आहेत, पण त्यांच्या मुळाशी मोजक्याच सुरावटी. सुरुवातीला टोरिएल नावाची एक मायाळू, आईसारखी बाई तुमच्यासमोर नाइलाजाने लढायला उभी राहते, तेव्हा एक चाल वाजते. खेळ संपत आल्यावर राजा आसगोरशी सामना होतो आणि त्याच्या जड, शोकाकुल संगीताच्या मधोमध टोरिएलची चाल डोकावते. ते दोघे एके काळचे नवरा-बायको. राजा त्या लढाईत याबद्दल ब्र काढत नाही, नजरही वर उचलत नाही. पण चालीने चुगली केलेली असते.

आता उसनवारीकडे. इथपर्यंत चाल कामाला लागत होती ती त्याच कलाकृतीत आधी ऐकल्यामुळे. उसनी चाल बाहेरून येते, कधी आपली आठवण सोबत घेऊन, कधी अगदी रिकाम्या हाताने. मराठीत 'अमक्याच्या चालीवर' हा शब्दप्रयोग इतका जुना आणि बिनधास्त आहे की त्यात चोरी वगैरे काही आहे असं कुणाला वाटतही नाही. इंग्लंडमध्ये जॉन गेचं 'बेगर्स ऑपेरा' १७२८ साली रंगभूमीवर आलं, त्यातली बहुतेक गाणी लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर बेतलेली होती. ओळखीची चाल आणि तीवर चोर-दरोडेखोरांचे शब्द, हाच त्यातला विनोद.

सर्वांत लांबचा प्रवास केलेली उसनी चाल बहुधा 'डीएस इरे' असावी. मध्ययुगातलं कॅथलिक अंत्यविधीचं लॅटिन गाणं. पहिले चार स्वर कोमल ग, रे, कोमल ग, सा. एवढंच. १८३० साली फ्रेंच संगीतकार बेर्लिओझने ते आपल्या सिंफनीत चेटकिणींच्या नाचासाठी वापरलं आणि तेव्हापासून ज्याला मरण सुचवायचंय तो हे चार स्वर उचलतो. स्टीफन सॉन्डहाइमने १९७९ च्या 'स्वीनी टॉड'मध्ये, गळे कापणाऱ्या न्हाव्याच्या कथेत, ते कधी सरळ तर कधी चढ-उतार उलटे करून पेरले. लॅटिन न येणारा, चर्चची पायरी न चढलेला माणूसही ते ऐकून सावध होतो, कारण एव्हाना त्याने ते डझनभर ठिकाणी ऐकलेलं असतं. उएमात्सुंनी सेफिरॉथच्या शेवटच्या लढाईत याच्या उलट केलं. चाल स्वतःची ठेवली आणि शब्द मध्ययुगीन लॅटिन गीतांतून, 'कार्मिना बुराना'मधून उचलले. ओळींचा अर्थ खेळणाऱ्यांना कळत नाही. लॅटिनमध्ये समूहगान चाललंय म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं कळतं.

कधी उसनवारीचं कारण याहून कितीतरी साधं असतं. जुनी चाल फुकट मिळते. रचनाकार वारल्यानंतर ठरावीक वर्षांनी त्याच्या रचनेवरचा हक्क संपतो आणि ती सर्वांची होते. मात्र मुक्त होते ती रचना. त्या रचनेचं एखाद्या वाद्यवृंदाने केलेलं ध्वनिमुद्रण वेगळं, त्याचा हक्क वेगळा. चिपवर सूर स्वतःच वाजवायचे असल्याने जुन्या गेमना हा दुसरा प्रश्न आडवा येत नव्हता. १९८९ च्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरच्या 'टेट्रिस'मध्ये बाखच्या एका फ्रेंच स्वीटमधला, म्हणजे नाचाच्या तुकड्यांच्या माळेतला, मिन्युएट आहे, आणि त्याच्या शेजारी 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत. हे गीत नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेवरून आलंय. एक फिरता विक्रेता आणि एक मुलगी, कापडचोपडाचा सौदा आणि सौद्याआडून चाललेली लाडीगोडी, असा त्याचा विषय. आज जगातल्या बहुतेकांना ते ऐकून वरून पडणारे ठोकळे दिसतात. उसन्या चालीने नवी आठवण धरली आणि जुनी पुसून टाकली. रशियन माणसाला मात्र अजून विक्रेताच दिसत असेल.

फुकट मिळेल असं गृहीत धरून चालणं अंगाशीही येतं. पहिल्या 'झेल्डा'च्या सुरुवातीला कोंडो फ्रेंच संगीतकार रावेलचा 'बोलेरो' वाजवणार होते. गेम पुरा होत आला आणि कळलं की जपानमध्ये त्या रचनेचा हक्क अजून संपलेला नाही. रावेल वारला १९३७ मध्ये, गेम बाजारात आला १९८६ मध्ये. कोंडो यांनी आपल्याच गेममधली भटकंतीची चाल घेऊन एका रात्रीत शीर्षकसंगीत तयार केलं. तीच आज त्या मालिकेची ओळख आहे. 'बोलेरो' म्हणजे मुळात एकच धून पंधरा मिनिटं वाद्यं बदलत फिरवणं. गेमच्या संगीताला एवढा सोयीचा पूर्वज दुसरा मिळाला नसता, आणि नेमका तोच हुकला.

ब्रॉडवेवर उसनवारीने पारितोषिकही मिळवलंय. १९५३ च्या 'किस्मत' या संगीतिकेच्या चाली अलेक्झांडर बोरोदिनच्या रचनांवरून घेतल्या. बोरोदिन पेशाने रसायनशास्त्रज्ञ, संगीत सवड मिळेल तसं करायचा आणि १८८७ मध्ये वारला. १९५४ मध्ये 'किस्मत'ला सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी मिळाला तेव्हा संगीतकार म्हणून नाव लागलं ते बोरोदिनचं, मृत्यूनंतर ६७ वर्षांनी.

'रेंट'ची उसनवारी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ही संगीतिका इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या १८९६ च्या 'ला बोएम' या ऑपेरावर उघडपणे बेतलेली आहे आणि ती बरोबर शंभर वर्षांनी रंगभूमीवर आली. तिच्यातला गिटारवादक मरण्याआधी एक तरी चांगलं गाणं लिहायची धडपड करत असतो, आणि तारा छेडायला बसला की बोटांतून पुच्चिनीच्याच ऑपेरातला मुझेटाचा वॉल्ट्झ निघतो. मित्र त्यावरून त्याला टोमणा मारतात. लार्सनने कर्ज घेतलं, कुणाकडून ते सांगितलं आणि त्या कर्जाचंच पात्राचं दुखणं करून टाकलं. पुच्चिनीबाबत सगळ्यांचंच इतकं गोडीगुलाबीने जमलं नाही. अँड्र्यू लॉइड वेबरच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'मधल्या एका प्रसिद्ध गाण्यातली ओळ पुच्चिनीच्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या खाणकामगारांवरच्या ऑपेरातून आल्याचा दावा त्याच्या वारसांच्या बाजूने करण्यात आला, आणि प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटलं. अशा भांडणांत मी सहसा संगीतकाराच्या बाजूने असतो. सप्तकात स्वर बारा. त्यांतले गोड लागणारे, गाता येणारे क्रम त्याहून किती मोजके! चार-पाच स्वर जुळले म्हणजे लगेच हात खिशात गेला असं होत नाही. पण स्वर, लय, खालचे सुसंवादी स्वर आणि प्रसंगाचा भाव, सगळंच एकदम जुळलं तर मग मीही भुवई उंचावतो.

स्वतःकडूनच उसनं घेण्याला कुणी हरकत घेत नाही. जेरेमी सोलने २००२ च्या 'मॉरोविंड'साठी केलेली चाल २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये पुरुषांच्या दणदणीत कोरसमध्ये परत येते आणि जुन्या खेळाडूंच्या अंगावर काटा उभा राहतो. 'अंडरटेल'मधलं सर्वांत गाजलेलं 'मेगालोव्हानिया' हे तर मुळात टोबी फॉक्सने २००८ साली दुसऱ्याच एका जुन्या गेममध्ये हौसेने फेरफार करताना लिहिलं होतं. तिथून ते एका वेबकॉमिकमध्ये गेलं, मग 'अंडरटेल'मध्ये, आणि २०२२ मध्ये व्हॅटिकनला पोप फ्रान्सिस यांच्यासमोर सर्कशीच्या कलाकारांनी त्यावर कसरती केल्या. तिथे बसलेल्या किती जणांना डोळ्यांसमोर 'अंडरटेल'मधला, ज्याच्या लढाईत ते वाजतं तो निळ्या जाकिटातला हाडांचा सांगाडा दिसला असेल!

'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये एक पवनचक्की आहे. मोठेपणीचा नायक तिथे जातो तेव्हा आतला पेटीवाला संतापलेला असतो. सात वर्षांपूर्वी एका पोराने पावा वाजवून माझ्या पवनचक्कीचं वाटोळं केलं, म्हणतो, आणि ती नतद्रष्ट चाल अजून डोक्यातून जात नाही. तो ती वाजवून दाखवतो, नायक शिकतो. मग नायक सात वर्षं मागे जातो, लहान होऊन त्याच पवनचक्कीत पावा काढतो आणि तीच चाल वाजवतो. पातं गरगरा फिरायला लागतं आणि पेटीवाला ती ऐकून ठेवतो. नायकाने त्याच्याकडून घेतली, त्याने नायकाकडून. गोष्टीच्या आत ती चाल कुणीच रचलेली नाही.